मदत हवी आहे: रनलेव्हल ३ टाकलं तरी डेस्कटॉपच उघडतो, आणि सर्व्हिस सकाळी उठत नाही

काउंटर_नंबर_२:
नमस्कार मंडळी. आमच्या पतसंस्थेत नवा सर्व्हर आला. जुन्यावर सगळं व्यवस्थित होतं. नव्यावर इनिटॅबमध्ये (मशीन कुठल्या रनलेव्हलला, म्हणजे अवस्थेत, उठायचं ते सांगणारी फाइल; ३ म्हणजे डेस्कटॉपशिवाय) जुनीच ओळ टाकली, आयडी:३:इनिटडिफॉल्ट, तरी मशीन डेस्कटॉपवरच जातं. ते एक वेळ राहू द्या. खरा ताप असा की आमचं सॉफ्टवेअर स्टार्टअपला कधी चालू होतं, कधी नाही. सकाळी शिपाईमामा बटण दाबतात, दहाला काउंटर उघडतं, लोक पासबुक घेऊन उभे. मी हाताने स्टार्ट केलं की लगेच चालतं. उद्या सकाळच्या आत सांगा प्लीज.

टर्मिनलवाला:
कुठलं लिनक्स? व्हर्जन? सॉफ्टवेअर कशात लिहिलंय? लॉग?

काउंटर_नंबर_२:
लिनक्सच आहे हो. सर्व्हरचं.

निवांत_नीलेश:
बूट स्लो असेल तर सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ ब्लेम चालवा, कोण किती वेळ खातं ते दिसतं. माझ्या लॅपटॉपवर नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन (नेटवर्क मिळेपर्यंत थांबणारी सर्व्हिस) वेळ खात होतं, बंद करून टाकलं. एसएसडी पण टाका, फरक पडतो.

टर्मिनलवाला:
नीलेशराव, बूट स्लो आहे असं कोण म्हणालं? आणि यांनी ते वेट-ऑनलाइन बंद केलं तर आहे तेही बिघडेल.

जुनंखोड:
बूट होताना सर्व्हिसेस उठवणारा हा सिस्टमडी आल्यापासून हाच गोंधळ. पूर्वी आरसी३.डी फोल्डर उघडलं की स्टार्टअप स्क्रिप्ट्सची एस२५, एस६४, एस९९ अशी रांग डोळ्यांसमोर असायची. कोण कोणाच्या आधी ते पोरालाही कळायचं. स्लॅकवेअर टाका, जुन्या पद्धतीचं लिनक्स. फाइल एक्झिक्युटेबल केली की सर्व्हिस चालू, काढलं की बंद. विषय संपला.

मधली_सुट्टी:
काका, प्रत्येक लिनक्सचे आकडे वेगळे. स्लॅकवेअरमध्ये ग्राफिकल, म्हणजे डेस्कटॉपची, लेव्हल ४ आहे, रेड हॅटमध्ये ५, आणि डेबियनवाले २ ते ५ सगळं सारखंच ठेवायचे. पोराला नक्की काय कळायचं?

जुनंखोड:
ज्याला शिकायचंय त्याला कळतं.

काउंटर_नंबर_२:
सॉफ्टवेअरवाल्याला फोन केला. जुन्यावर सेंटॉस ६ होतं, नव्यावर अल्मालिनक्स ८. सॉफ्टवेअर जावात, डेटाबेस पोस्टग्रेस. त्यांनी पतपेढी.सर्व्हिस नावाची फाइल करून दिलीय, त्यात आफ्टर=नेटवर्क.टार्गेट पोस्टग्रेसक्यूएल.सर्व्हिस असं आहे. इनिट ३ मारलं की काळी स्क्रीन येते, पण रीबूट केलं की परत डेस्कटॉप.

टर्मिनलवाला:
हे आधी सांगायचं ना राव. डेस्कटॉपचं सोपं आहे. सिस्टमडी इनिटॅब वाचतच नाही. रूट होऊन सिस्टमसीटीएल सेट-डिफॉल्ट मल्टी-युजर.टार्गेट मारा. जुन्या ३ च्या जागी हे, ५ च्या जागी ग्राफिकल.टार्गेट. इनिट ३ अजून चालतं, पण तेवढ्यापुरतंच.

सर्व्हिसचं म्हणाल तर नेटवर्क.टार्गेट म्हणजे आयपी मिळाला असं नव्हे. नेटवर्क सांभाळणारा प्रोग्रॅम उठला, एवढाच त्याचा अर्थ. नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट लिहा, आणि आफ्टर व वॉन्ट्स दोन्हींत लिहा. आफ्टर फक्त क्रम लावतं, कोणाला बोलावून आणत नाही; ते काम वॉन्ट्सचं.

जुगाडू_जयंत:
एवढं कशाला? आरसी.लोकलमध्ये (बूट होताना चालणारी स्क्रिप्ट) स्लीप १२०, म्हणजे दोन मिनिटं थांब, आणि खाली स्टार्टची कमांड. फाइलला चमोड +एक्स (चालवायची परवानगी) विसरू नका. आमच्याकडे मस्त चालतंय.

टर्मिनलवाला:
आणि मध्येच सॉफ्टवेअर पडलं तर उठवणार कोण, शिपाईमामा?

जुगाडू_जयंत:
आमच्याकडे पडत नाही.

काउंटर_नंबर_२:
नेटवर्क-ऑनलाइन केलं. डेस्कटॉप गेला, धन्यवाद. पण सकाळी पुन्हा तेच! दुपारी रीबूट करून बघितलं तर बरोबर उठतं.

मधली_सुट्टी:
दुपारी चालतं, सकाळी नाही. मग सकाळी सर्व्हरबरोबर आणखी काय काय चालू होतं? जर्नलसीटीएल -यू पतपेढी -बी याचा सकाळचा आउटपुट टाका. आणि जुन्या सर्व्हरवर सॉफ्टवेअर चालू करणारी स्क्रिप्टही.

काउंटर_नंबर_२:
लॉगमध्ये /डेटा/सह्या, नो सच फाइल ऑर डिरेक्टरी असं आहे. सह्यांचे नमुने नॅसवर (नेटवर्कवरचा स्टोरेजचा डबा) असतात, ते /डेटाला जोडलंय. रात्री मेन स्विच बंद करतो, त्यामुळे नॅस पण सकाळीच चालू होतं. एफएसटॅबमध्ये (काय कुठे जोडायचं त्याची यादी) नॅसच्या ओळीत नोफेल आहे. जुन्या स्क्रिप्टमध्ये वरती पिंगचं एक लूप दिसतंय.

मधली_सुट्टी:
मग सापडलं. नॅस उठायला सर्व्हरपेक्षा जास्त वेळ घेतं. जुनी स्क्रिप्ट पिंग लागेपर्यंत, म्हणजे नॅस उत्तर देईपर्यंत, थांबायची, नवी फाइल थांबत नाही. नोफेलमुळे नॅस माउंट झालं नाही, म्हणजे /डेटाला जोडलं गेलं नाही, तरी बूट पुढे जातं, आणि /डेटा हा रिकामा फोल्डर राहतो.

टर्मिनलवाला:
रिक्वायर्समाउंट्सफॉर=/डेटा टाका. माउंट नसेल तर सर्व्हिस सुरूच होणार नाही.

मधली_सुट्टी:
तेच तर नकोय! माउंट फेल झालं की त्यावर अवलंबून असलेली सर्व्हिस डिपेंडन्सीवर फेल होते, आणि तशा फेलला रीस्टार्ट= (पडली की पुन्हा उठवायची ओळ) लागू होत नाही. एकदा पडली की हाताने उठवेपर्यंत पडलेलीच.

त्यापेक्षा एफएसटॅबमध्ये त्या ओळीला एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट जोडा. मग कोणी /डेटाला हात लावला की त्या वेळी माउंट करायचा प्रयत्न होतो. सर्व्हिसमध्ये एक्झेकस्टार्टप्री (सुरू होण्याआधी चालणारी कमांड) म्हणून टेस्ट -एफ (फाइल आहे का बघतं) आणि सह्यांमधल्या एखाद्या फाइलचा पूर्ण पाथ, शिवाय रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर, रीस्टार्टसेक=१५. फाइल दिसेपर्यंत पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहील. १० सेकंदांत ५ वेळा सुरू केलं की सिस्टमडी नाद सोडतं, १५ सेकंदांच्या अंतराने तो प्रश्न येत नाही. आणि टेस्टच्या जागी माउंटपॉइंट -क्यू (इथे काही माउंट आहे का बघणारी कमांड) लावू नका, नॅस बंद असलं तरी ऑटोमाउंटची जागा माउंटपॉइंटच दिसते. शेवटी डीमन-रीलोड (सिस्टमडी फाइली पुन्हा वाचतं) मारून एकदा रीबूट.

टर्मिनलवाला:
डिपेंडन्सीचं मान्य. पण नॅस संध्याकाळपर्यंत मेलेलंच राहिलं तर लॉग भरत बसेल.

मधली_सुट्टी:
तेव्हा लॉग ही सगळ्यात छोटी अडचण असेल.

निवांत_नीलेश:
नॅस कुठल्या कंपनीचं? मला घरी फोटोंसाठी घ्यायचंय.

काउंटर_नंबर_२:
नॅसची वायर काढून सर्व्हर चालू केला, नंतर वायर लावली. आपोआप उठलं! मंडळी, आभार. आता बंद करताना मात्र स्टॉप जॉब इज रनिंग म्हणून दीड मिनिट लटकतं आणि शिपाईमामा बटण दाबून धरतात. ते काय?

टर्मिनलवाला:
आधी शिपाईमामांना थांबवा, डेटाबेस आहे त्यावर. ९० सेकंद ही डिफॉल्ट मुदत असते, तेवढ्यात प्रोसेस गेली नाही की मारून टाकतात. अडतंय कोण ते लॉगमध्ये बघा, जावा की माउंट. जावा असेल तर टाइमआउटस्टॉपसेक, म्हणजे ही मुदत, कमी करण्याआधी सॉफ्टवेअरवाल्याला विचारा.

मधली_सुट्टी:
सक्सेसएक्झिटस्टेटस=१४३ पण लिहून ठेवा. जावा सिगटर्म (बंद हो असा निरोप) मिळाल्यावर १४३ हा कोड देऊन बाहेर पडतं आणि सिस्टमडीला ते फेल वाटतं. बाकी बंद करण्याच्या त्रासासाठी नवा धागा काढा, इथे आता जुनंखोड येतीलच.

जुनंखोड:
आलोय. के लिंक्स (एस सारख्याच, पण सर्व्हिस बंद करायच्या) असताना बंद करतानाचाही क्रम दिसायचा.