जुन्या ओमेगा घड्याळाचा सांगितलेला भाव वाजवी आहे का, हे ठरवायचं कसं?

निळीशाई:
नमस्कार मंडळी. एक जुनं ओमेगा सीमास्टर घ्यायचं मनात आहे. स्टीलची केस (बाहेरचं कवच), ऑटोमॅटिक, तारखेचं. विकणारे गृहस्थ म्हणतात 1967 च्या आसपासचं आहे, आतलं मशीन ओमेगाचं 565 क्रमांकाचं, सर्व्हिसिंग नुकतंच झालंय आणि डायल अगदी नव्यासारखी आहे. फोटोत डायल खरोखर स्वच्छ पांढरी दिसते. पण याच मॉडेलचे भाव शोधायला गेलो तर एका ठिकाणी एक आकडा आणि दुसऱ्या ठिकाणी त्याच्या तिप्पट. यांनी सांगितलेला भाव दोन्हींच्या मधे पडतो. तो वाजवी आहे की नाही, हे माझ्यासारख्याने कशावरून ओळखायचं? घड्याळ रोज हातात घालायचं आहे.

रात्रपाळी:
जाहिरातीतले भाव बघूच नका. तो मागितलेला आकडा असतो, कुणी दिलेला नाही. विकल्या गेलेल्या घड्याळांचे भाव बघा. ईबेवर तेवढेच वेगळे काढून बघता येतात, मोठ्या लिलावगृहांचे निकालही खुले असतात. लिलावाच्या आकड्यात खरेदीदाराने लिलावगृहाला दिलेलं कमिशन बहुधा धरलेलं असतं, तेवढं ध्यानात ठेवा. मशीनवरचा सीरियल नंबर आठ आकडी आणि 24 किंवा 25 ने सुरू होणारा असेल तर 1966-67 साल जुळतं.

केसस्प्रिंग:
रात्रपाळी यांच्याशी सहमत. पण विकल्या गेलेल्या घड्याळांतही तुम्हाला मोठी तफावत दिसेलच. मॉडेल तेच, साल तेच, तरी एक दुप्पट भावाने जातं. त्यातला मोठा वाटा डायलचा असतो.

मी घड्याळं दुरुस्त करते, त्यामुळे लोकांना वाटतं मी आधी मशीन उघडून बघत असेन. मी आधी डायल बघते. 565 हे दणकट मशीन आहे आणि भरपूर बनलेलं आहे. झिजलेला भाग बदलता येतो, साफ करून नवं तेल घालता येतं. डायलवरची मूळ छपाई मात्र एकदा पुसली गेली की कायमची गेली. तिच्यावर कितीही सुबक रंगकाम झालं तरी कंपनीतून निघालेली डायल परत येत नाही. म्हणून जे दुरुस्त होऊ शकत नाही त्याचे पैसे आधी मोजायचे, बाकीचं नंतर.

साठेक वर्षांचं घड्याळ आणि नव्यासारखी डायल, असं कुणी म्हणालं की दहापट भिंगाखाली तिचा फोटो मागून घ्यायचा. काय बघायचं? आधी अक्षरं. मूळ छपाईत "सीमास्टर"च्या इंग्रजी अक्षरांच्या कडा धारदार असतात, जाडी सगळीकडे सारखी असते, बारीक वळणं मोकळी दिसतात. पुन्हा रंगवलेल्या डायलवर शाई कडांना पसरलेली असते आणि अक्षरांची पोटं बुजलेली. मग मिनिटांच्या रेघा बघा. दर पाचवी रेघ तासासाठी बसवलेल्या धातूच्या खुणेच्या बरोबर मध्यावर यायला हवी. 12 पाशी जुळते आणि 4 पाशी जरा बाजूला सरकते असं दिसलं, तर डायल हातात घेऊन कुणीतरी काम केलेलं आहे. सगळ्यात खाली, 6 च्या पायाशी "स्विस मेड" लिहिलेलं असतं. डायल रंगवणारे नेमकं तेच विसरतात किंवा वाकडं छापतात.

अजून एक खूण तुमच्या घड्याळाला लागू पडते. काट्यांमध्ये अंधारात चमकणाऱ्या द्रव्याची रेघ असेल, तर त्या काळात ते द्रव्य ट्रिटियम या किरणोत्सर्गी पदार्थाचं असायचं आणि डायलवर "स्विस मेड"च्या दोन्ही बाजूंना इंग्रजी टी छापलेला असायचा. काट्यांत द्रव्य आहे पण डायलवर टी नाही, म्हणजे काटे तरी दुसरे किंवा डायल तरी पुन्हा रंगवलेली. शिवाय ट्रिटियम सुमारे 12.3 वर्षांत निम्मं होतं. एवढ्या काळात ते पाचेक वेळा निम्मं झालेलं असतं, शेकडा तीन-चार भाग उरले तर उरले. असं घड्याळ रात्री लख्ख चमकत असेल तर ते द्रव्य नंतर भरलेलं आहे. (कधी याहून जुनं, पन्नाशीच्या दशकातलं घड्याळ हाती आलं तर त्यात रेडियम असू शकतं. ते न चमकणारं असलं तरी किरणोत्सर्गी असतंच, कारण रेडियमला निम्मं व्हायला 1600 वर्षं लागतात. ते खरवडू नका, भुकटी श्वासात जाणं वाईट.)

केसचं थोडक्यात सांगते. पट्टा जिथे अडकतो त्या चार कानांच्या कडा बघा. कडा स्पष्ट असतील तर केसला फारसं पॉलिश लागलेलं नाही. साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत झाल्या असतील तर स्टील घासून गेलंय आणि ते परत येणार नाही. मागच्या झाकणावर समुद्री घोडा असेल तर त्याच्या मानेवरच्या बारीक रेषा दिसतात का बघा. काच आणि चावी (वेळ लावायचं बाजूचं बटण) बदललेली असली तर मी फार मनावर घेत नाही, दोन्ही मिळतात.

मशीनचा फोटो मात्र हवाच. ओमेगाच्या त्या काळच्या मशीनला तांबूस झाक असते, त्यात नंतर बदललेला एखादा पांढरा चकचकीत भाग वेगळा उठून दिसतो. 565 आहे म्हणतात ना, मग व्हिडिओ मागा. चावी शेवटपर्यंत ओढली की दर ओढीला तारीख एकेक पुढे गेली पाहिजे. तशी गेली नाही तर एकतर मशीन 562 आहे (तारखेचंच, पण ओढून तारीख न बदलणारं) किंवा तारखेच्या यंत्रणेत बिघाड आहे.

सर्व्हिसिंग झालंय याचा पुरावा म्हणजे पावती, किंवा टाइमग्राफरच्या (घड्याळाची टिकटिक ऐकून त्याची चाल मोजणाऱ्या यंत्राच्या) पडद्याचा फोटो. त्या यंत्रात लिफ्ट अँगल (प्रत्येक मशीनसाठी ठरलेला कोन) 49 वर ठेवून, पूर्ण चावी भरून, डायल वर ठेवलेल्या स्थितीत ॲम्प्लिट्यूड, म्हणजे आतल्या झुलत्या चाकाचा झोका, अडीचशे अंशांच्या वर असेल तर मी समाधानी असते. दोनशेच्या खाली असेल तर सर्व्हिसिंग झालेलं नाही असं धरा. पावतीही नाही आणि फोटोही नाही, तर सर्व्हिसिंगचा पूर्ण खर्च भावातून वजा करून मगच बोला.

निळीशाई:
केसस्प्रिंगताई, मनापासून आभार. फोटो मागवले. समुद्री घोडा स्पष्ट आहे, कानांच्या कडाही चांगल्या दिसतात. झाकणाच्या आत 166.010 हा मॉडेल क्रमांक आहे, मशीनवर 565, तारीख ओढीबरोबर उडी मारते. पण काट्यांत पिवळसर रेघ आहे आणि डायलवर टी कुठेच नाही. 4 आणि 5 च्या रेघा खुणांच्या किंचित डावीकडे आहेत. टाइमग्राफर त्यांच्याकडे नाही, पावतीही सापडत नाही म्हणाले.

जुनीचावी:
मला वाटतं इतकं घाबरायचं कारण नाही. डायल रंगवलेली असली म्हणून घड्याळ खोटं होत नाही. केस मूळ, मशीन मूळ, आणि तुम्हाला ते रोज घालायचं आहे. पांढरी स्वच्छ डायल हातावर छान दिसते. माझ्याकडे असंच एक आहे आणि मी ते प्रेमाने वापरतो.

केसस्प्रिंग:
जुनीचावी यांचं म्हणणं मला पटतं. रोज वापरायला असं घड्याळ उत्तम. प्रश्न एवढाच की मूळ डायलचे पैसे मोजून रंगवलेली डायल घ्यायची नाही.

निळीशाई, हिशेब असा करा. चांगल्या अवस्थेतली, मूळ डायलची 166.010 अलीकडे विकली गेली असतील ती चार-पाच शोधा. सर्वांत महाग आणि सर्वांत स्वस्त बाजूला ठेवा, उरलेल्यांचा मधला भाव 100 टक्के धरा. तुम्ही सांगताय त्यावरून ही डायल पुन्हा रंगवलेली आहे, तर मी 50 वर येईन. केस चांगली आहे म्हणून फार तर 55. त्यातून सर्व्हिसिंगचा खर्च वजा करा. घड्याळ लांबून येणार असेल तर टपाल, विमा आणि आयात शुल्कही त्यातूनच काढा. जो आकडा उरेल तो तुमचा वरचा आकडा. बोलणी त्याच्या खालून सुरू करायची.

विकणाऱ्याला खोटं ठरवू नका. डायल आधीच्या कुणी रंगवून घेतली असेल आणि त्यांना ठाऊकही नसेल. टी नाही आणि 4-5 च्या रेघा जुळत नाहीत, हे त्यांच्याच फोटोवर दाखवा आणि आपला आकडा सांगा. ते मूळ डायलच्या भावावर अडून राहिले तर घेऊ नका. 565 चं स्टील सीमास्टर दुर्मिळ नाही, मूळ डायलचंही मिळतं. तोवर पाहिलेल्या प्रत्येक डायलचा भिंगाखालचा फोटो जपून ठेवा, म्हणजे पुढची डायल शेजारी ठेवून ताडून बघता येईल.