शब्द हवाय: सायटोकाइन (डुकरांच्या संदर्भात, हसू नका)

खाजणकाठ: मंडळी, वराहपालन करणाऱ्यांसाठी एक पत्रक मराठीत करतोय. एक वाक्य असं आहे की आजारी डुकराच्या अंगात सायटोकाइन वाढतात आणि म्हणून ते खाणं सोडतं. आता सायटोकाइन तसंच ठेवलं तर वाचणाऱ्याला वाटणार हे कुठलंतरी इंजेक्शन आहे, मेडिकलमधे जाऊन मागेल. एकाने 'पेशीगतिकारक' सुचवलं, ते मलाच उच्चारता येत नाहीये. काय करू?

शब्दकिडा: पेशीगतिकारक हे ग्रीक तुकड्यांचं सरळ भाषांतर झालं. कायटोस म्हणजे भांडं, त्यावरून पेशी, आणि किनेसिस म्हणजे हालचाल. पण हालचाल हे त्याचं मुख्य काम नाहीच मुळी. आधी या पदार्थांना लिम्फोकाइन म्हणायचे कारण लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) ते सोडतात असा समज, मग लक्षात आलं की इतरही पेशी सोडतात, म्हणून १९७४ मधे स्टॅन्ली कोहेनने सायटोकाइन हा सैल शब्द काढला. इंटरफेरॉन (तेही एक सायटोकाइनच) हा शब्द त्याहून जुना, १९५७ चा, व्हायरसच्या कामात लुडबुड करतो म्हणून ते नाव. तेव्हा अर्थ धरा, ग्रीक धातू नको.
जाता जाता, मराठीत पेशी म्हणजे सेल पण हिंदीत पेशी म्हटलं की स्नायू नाहीतर कोर्टाची तारीख, पत्रक हिंदीवरून करत असाल तर जपून.

खाजणकाठ: हिंदीवरूनच करतोय 🙈

गुरांचीडॉक्टर: अर्थ मी सांगते, शब्द तुम्ही शोधा. ही छोटी प्रथिनं असतात, एक पेशी सोडते आणि दुसरी ऐकते. जंतू आत शिरला की मॅक्रोफेज नावाची पांढरी पेशी टीएनएफ, इंटरल्युकिन १ आणि इंटरल्युकिन ६ ही सायटोकाइन सोडते. मेंदूला ते कळलं की अंग तापतं (डुकराचं नॉर्मल टेंपरेचरच १०२ फॅरनहाइटच्या आसपास असतं, हात लावून ताप ठरवू नका), भूक जाते, प्राणी कोपऱ्यात मलूल पडून राहतो. शिवाय स्नायूतली प्रथिनं मोडून तो माल लिव्हरकडे जातो, तिथे जंतूंशी लढायची प्रथिनं तयार होतात. म्हणून बारीकसारीक आजार चालू असलेल्या गोठ्यात मालक म्हणतो खाद्य घालतोय पण वजन धरत नाही. धरणार कसं, सगळा खर्च लढाईवर चाललाय.

शब्दकिडा: टीएनएफची गंमत म्हणजे तो दोनदा सापडला. एकांनी गाठी मारतो म्हणून ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर म्हटलं, दुसऱ्यांनी प्राणी झिजवतो म्हणून कॅकेक्टिन, आणि १९८५ मधे कळलं की दोन्ही एकच. तुमच्या वजन न धरणाऱ्या डुकराला खरंतर दुसरं नावच जवळचं.

वऱ्हाडीठेचा: अहो मग संप्रेरक म्हणा ना, शाळेत शिकलोय सगळे.

गुरांचीडॉक्टर: नको. संप्रेरक म्हणजे हार्मोन, ते एका ठरावीक ग्रंथीतून निघतं आणि रक्तातून गावभर फिरतं. सायटोकाइन बहुतेक वेळा शेजारच्याच पेशीशी बोलतं. आजार फार वाढला की मात्र तेही रक्तातून सगळीकडे पोचतं. कोविडमधे पेपरात सायटोकाइनचं वादळ वाचलं असेल, आफ्रिकन स्वाइन फीव्हरमधे तसंच होतं, व्हायरस मॅक्रोफेजमधेच घर करतो आणि त्या पेशी इतका आरडाओरडा करतात की आजूबाजूच्या निरोगी लिम्फोसाइटसुद्धा मरतात. २०२० मधे आसाममधे कळपच्या कळप गेले ते याच आजाराने.

चुलीपाशी: मग हार्मोन म्हणजे दवंडी आणि सायटोकाइन म्हणजे शेजारी धाडलेला सांगावा. आमच्याकडे सांगावा घेऊन जाणाऱ्याला निरोप्या म्हणतात. निरोप्या प्रथिन, झालं काम!

वऱ्हाडीठेचा: निरोप म्हणजे सेंडऑफ पण होतो ताई, आजारी डुकराच्या बाबतीत जरा अशुभ नाही का 😂

चुलीपाशी: निरोप्याचा तसा अर्थ कोणी घेत नाही हो. दूत चालेल पण दूत म्हटलं की दरबार आठवतो.

गुरांचीडॉक्टर: निरोप्या मला फार आवडला, कारण निरोप एकच असला तरी ऐकणारा कोण यावर सगळं ठरतं. इंटरल्युकिन १ बीटा बघा. आजारपणात ताप आणणारा हाच. पण डुकरीण गाभण राहिल्यावर ११-१२ व्या दिवशी तिच्या पोटातला सेंटीमीटरभर गोळा असलेला भ्रूण काही तासांत ताणून दोऱ्यासारखा लांब होतो, आणि त्या वेळी तो भ्रूण स्वतः इंटरल्युकिन १ बीटाचा एक खास डुकरांतलाच प्रकार सोडतो. २०१८ मधे जीन एडिटिंगने तो जीन बंद करून पाहिला तर भ्रूण लांबलेच नाहीत. इंटरल्युकिन म्हणजे पांढऱ्या पेशींच्या आपसातला, असं नाव १९७९ मधे ठेवलं, आणि इथे धाडणारा चक्क भ्रूण.
आणि चीक विसरू नका. डुकरिणीच्या वारेतून पिल्लांना अँटीबॉडी मिळतच नाहीत, पिल्लू कोरं जन्मतं, पहिल्या दिवसाच्या चिकातून अँटीबॉडी येतात आणि आईचे सायटोकाइनही येतात. एखाद दिवसात आतड्याची ती वाट बंद होते, म्हणून शेवटच्या सडाला ढकललं गेलेलं बारकं पिल्लू आधी चिकाला लावायचं.

खाजणकाठ: ठरलं, निरोप्या. पण अनेकवचन? निरोप्या वाढतात वाचायला विचित्र वाटतंय.

शब्दकिडा: वाटाड्या, वाटाडे. तसं निरोप्या, निरोपे. आणि सायटोकाइन लिहिणार असाल तर नपुंसकलिंगी ठेवा, प्रथिन आहे ना ते. डॉक्टरांनी वर 'आईचे सायटोकाइन' लिहिलंय, 'आईची' हवं.

गुरांचीडॉक्टर: मी दवाखान्यात 'सायटोकाइन वाढली' पण म्हणते, धरा मला 😄

खाजणकाठ: पत्रकात असं टाकतोय: "आजारी डुकराच्या अंगातले निरोपे (सायटोकाइन) मेंदूला खबर देतात, म्हणून ते खाणं सोडतं." 'धाडतात' पाहिजे का 'देतात' तेवढं सांगा, उद्या छापायला जातंय.