मदत हवी आहे: वेल्डर मुलांना कामाचं इंग्रजी, कानावर कसं बसवावं?

आयटीआय वेल्डर झालेली, मराठी माध्यमातली 14 मुलं आखातात फॅब्रिकेशनला जाणार आहेत. 8 आठवडे आहेत, रोज 45 मिनिटं. 6जी पाइपवर (45 अंशांत तिरका, न फिरवता जोडायचा पाइप) हात उत्तम. अंडरकट, पोरोसिटी, इंटरपास हे वेल्डिंगमधले शब्द शॉपमुळे तोंडात आहेत, डब्ल्यूपीएसही (वेल्डिंग कसं करायचं याचा लेखी तपशील) वाचतात.

अडतं ते ऐकण्यात. फिफ्टीन-फिफ्टी, थर्टीन-थर्टी यांत हमखास घोळ. प्रीहीट (वेल्डिंगआधी धातू तापवायचं तापमान) 150 सांगितलं तर 115 धरतात, आणि न कळताच ‘यस सर’! 3.15 मिमी ई-7018 वेल्डिंग रॉडसाठी ‘110 ते 130 अँपिअर’ म्हटलं की पहिलाच आकडा लक्षात राहतो.

करून पाहिलेलं: आघाताचा सराव (फिफ्टीनमध्ये जोर शेवटी, फिफ्टीत सुरुवातीला), ‘वन फाइव्ह झिरो’ असे सुटे आकडे, मोबाइलवर पाऊणपट वेगाने ऑडिओ. वर्गात जमतं, ग्राइंडर सुरू झाला, की सगळं पुसतं. त्यात बोलणारे फिलिपिनो, केरळी, इजिप्शियन, म्हणजे उच्चार तीन तऱ्हांचे.

आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा कृपया सुचवू नका, या व्हिसाला ती लागत नाही. लॅब नाही, फक्त मोबाइल.

ऐकलेली सूचना लगेच परत म्हणून दाखवायची सवय गोंगाटातही टिकावी, यासाठी सराव कोणत्या क्रमाने घ्यावा? गोंगाट पहिल्या आठवड्यापासूनच लावावा, की आकडे पक्के झाल्यावर?