विज्ञानाचा इतिहास चित्रकादंबरीतून सांगावा का?

वाचनालय, फोंडा:
आमच्याकडे शनिवारी सातवी-आठवीची मुलं येतात. शास्त्रज्ञांची चरित्रं कपाटात पडून असतात, चित्रकादंबऱ्या फाटेपर्यंत वाचल्या जातात. म्हणून माझं म्हणणं, गोव्यात राहिलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक मराठीत चित्रकादंबरी होऊन यावं. १५६३ मध्ये ते इथे गोव्यातच छापलं गेलं. हळद, हिंग, आंबा, पटकी, सगळं त्यात आहे, आणि लिहिलंय संवादात! रुआनो नावाचा कल्पित वैद्य विचारतो, ऑर्ता सांगतो, अँटोनिया ही दासी जिन्नस आणून दाखवते. फुग्यांतला मजकूर साडेचारशे वर्षांपासून तयार आहे. पणजीत ऑर्ताच्या नावाची बाग आहे, पण तिथे खेळणाऱ्या मुलांना विचारा तो कोण होता.

मास्तर, डिचोली:
बाई, तळमळ पटली, उपाय पटला नाही. युरोपने ऑर्ता मुख्यतः वनस्पतिशास्त्रज्ञ क्लुसियसच्या १५६७ च्या लॅटिन संक्षेपातून वाचला. त्यात क्लुसियसने संवाद काढून टाकले होते. माहिती दूरवर गेली ती गप्पा गाळल्यावर.
दुसरं, चुकीचं चित्र डोक्यातून निघत नाही. पणजीतल्या जुन्या सचिवालयाशेजारचा, संमोहनाचे प्रयोग करणाऱ्या आबे फारियाचा पुतळा आठवा. तो हात पसरून उभा आणि समोर कोसळणारी बाई. पाहणाऱ्याला वाटतं, शक्ती त्याच्या हातांतून निघते आहे. कांदोळीच्या या माणसाने पॅरिसमध्ये नेमकं उलट मांडलं होतं: झोपवणाऱ्याकडून काहीच जात नाही, जे घडतं ते झोपणाऱ्याच्या मनात. वर्गात मी हे वर्षानुवर्षं सांगितलं. मुलांच्या लक्षात पुतळाच राहिला.

रेषाकार, म्हापसा:
मास्तर, पुतळ्याला एकच चौकट मिळते. आम्हाला पुढची मिळते. पहिलीत ते पसरलेले हात काढीन. दुसरीत हात खाली, माणूस खुर्चीत निवांत बसलेला, आणि फारियाच्या तोंडी एकच शब्द: 'झोपा'. त्याची रीत खरोखर तीच होती. तिसऱ्या चौकटीत फारिया नकोच, फक्त झोपणाऱ्याचा चेहरा. पुतळ्याने केलेली चूक अर्ध्या पानात निस्तरते.

मास्तर, डिचोली:
हावभाव जमतील. आकडेमोडीचं काय? खगोलशास्त्रज्ञ केप्लरने मंगळाची मांडत आणलेली कक्षा निरीक्षणाशी अवघ्या ८ कलांचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) फरक पडला म्हणून मोडीत काढली. ही खरी गोष्ट, पण तिच्यात भांडण नाही, म्हणून चित्रकार भांडण शोधायला जातो. 'लॉजिकॉमिक्स' (२००९) या चित्रकादंबरीत तर्कशास्त्रज्ञ रसेल दुसऱ्या तर्कशास्त्रज्ञाला, फ्रेगेला, प्रत्यक्ष भेटतो. खरं तर १९०२ मध्ये त्याने पत्र पाठवलं होतं. लेखकांनी शेवटी फेरफार कबूल केलेत, पण ते टिपण किती मुलं वाचतील?

रेषाकार, म्हापसा:
८ कला म्हणजे पूर्णचंद्राच्या रुंदीचा जेमतेम पाव हिस्सा. अख्खं पान काळं, त्यात चंद्र, त्याच्यावर तेवढी खूण. आठवीच्या पोराला आकडा डोळ्यांनी कळेल.
पत्राबद्दल मात्र तुमचं शंभर टक्के खरं. फ्रेगेच्या ग्रंथाचा दुसरा खंड छापखान्यात असताना त्यातली विसंगती दाखवणारं ते पत्र आलं आणि पायाच हलला. टेबलावरचा बंद लिफाफा काढायचा सोडून खोटी भेट का काढावी!

पालक, मडगाव:
ऑर्ता १५६८ मध्ये वारला. तो छुपा ज्यू असल्याचं ठरवून इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, १५८० मध्ये त्याची हाडं उकरून जाळली. ते पान रंगवलंत की हळद-हिंग कोणाच्याही लक्षात राहणार नाही, आणि गावात वाद पेटेल तो वेगळाच. एका ओळीत सांगा, चित्र नको.

वाचनालय, फोंडा:
नाही, तिथे मी माघार घेणार नाही. ग्रीक ग्रंथकारांपेक्षा स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा ठेवून लिहिणारा माणूस घरात काय मानतो ते लपवून जगत होता. हे गाळून नुसती हळद दाखवली तर ते वनस्पतींचं पुस्तक होईल, इतिहास नव्हे. ज्वाळा नकोत, उकरलेली रिकामी जागा पुरे.
मास्तरांचा मुद्दा मात्र मान्य. कल्पित ते तुटक रेषेत, पुराव्याचं ते अखंड रेषेत. रुआनो तुटक.

मास्तर, डिचोली:
हे चालेल. आणि अँटोनिया? पुस्तकात ती येते, जिन्नस आणते, जाते. तिचा चेहरा कोणी लिहून ठेवला नाही. तिची रेषा कोणती?