विजापूर इतकं जवळ, मग मुक्काम कशाला?

श्रुती (बी २०४): सगळ्यांना नमस्कार. आमच्या कॉलेजचे अकरा जण विजापूरला निघालोय, त्यातले पाच आपल्याच सोसायटीतले. आर्किटेक्चरच्या सबमिशनसाठी स्केचेस काढायचीत. संक्रांतीला जोडून येणारा शनिवार-रविवार, एक रात्र मुक्काम. कुणाला तिथली माहिती असेल तर सांगा ना.

देशपांडे काकू (ए १०१): मुक्काम? अगं सोलापूरहून शंभर किलोमीटर आहे फक्त. सकाळची एसटी धरली तर रात्रीच्या भाकरीला घरी.

श्रुतीची आई: दोन दिवस मी हेच सांगतेय. माझं कोण ऐकतंय.

ओंकार (ए ३०३): काकू, तसं गेलं की नुसता गोलघुमट होतो. सहावीत शाळेच्या सहलीला गेलो होतो. सगळी पोरं एकदम 'ओऽऽ' करून ओरडत होती. एवढंच आठवतंय बघा.

माने काका (बी १०२): मुक्काम करताच आहात तर बदामी, ऐहोळे, पट्टदकलही उरकून या. येताना अलमट्टी धरण. आम्ही जीपने केलंय सगळं, दोन दिवसांत.

ओंकार: काका, बदामीत किती वेळ थांबला होता?

माने काका: अर्धा तास. जेवण धरून.

सेक्रेटरी: उद्या पाण्याची पाळी आहे. पाणी सकाळी येणार की दुपारी, नक्की नाही. टाक्या रिकाम्या ठेवू नका.

स्वामी काका (ए २०२): माझा जन्म विजापूरचा, म्हणून थोडं लांबलचक लिहितो. देशपांडे वहिनी, मुक्काम हवाच. गोलघुमट बघायची वेळ एकच, सकाळी दार उघडल्या उघडल्या. कोपऱ्यातल्या सातमजली मनोऱ्याच्या जिन्याने वर जायचं. घुमटाच्या आत गोल सज्जा आहे. एकाने भिंतीला कान लावायचा, दुसऱ्याने अगदी समोरच्या बाजूला जाऊन हळू बोलायचं. काडी ओढली तरी ऐकू येते. घुमटाचा बाहेरचा व्यास ४४ मीटर, म्हणजे पलीकडचा माणूस किती लांब असेल बघा. पण एकदा सहलीच्या गाड्या लागल्या की शिट्ट्या सोडून काही कानावर येत नाही. सोलापूरहून पहिल्या गाडीने निघालात तरी तुमच्या आधी दोन शाळा पोचलेल्या असतात.

श्रुती: काका, स्केचसाठी काय बघू?

स्वामी काका: खाली चौकोनी दालन आणि वर गोल घुमट, आत एकही खांब नाही. चौकोनातून गोल कसा काढलाय ते बघ. एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानी आहेत. त्यांच्यामधलं बांधकाम आतल्या बाजूला झुकतं आणि घुमटाचा बाहेर ढकलणारा जोर तोलून धरतं. वर बघून मान दुखेल, पण काढायचं तेच. महंमद आदिलशहाची ही कबर. तो १६५६ साली गेला. बांधणारा म्हणून दाभोळच्या याकूतचं नाव सांगतात. आपल्या कोकणातलं दाभोळ.

माने काका: आणि मुलूखमैदान तोफ विसरू नका!! ५५ टन!!!

देशपांडे काकू: ती तर आपल्या ग्रुपवरच आहे 😄

स्वामी काका: 😄 तोफ शनिवारी बघा. ती ओतली अहमदनगरला, १५४९ साली. मग परांड्याच्या किल्ल्यावर होती. तिथून १६३२ मध्ये मुरार जगदेवाने विजापूरला नेली. म्हणजे तीही आपल्याच भागातून गेलेली. तोंडाशी सिंहाचा जबडा आहे आणि त्यात हत्ती. पोरं आत डोकं घालून फोटो काढतात, तेवढं करू नका. शनिवारचं सगळं पश्चिमेचं ठेवा. तोफ, उपळी बुरुज आणि शेवटी इब्राहिम रोजा, म्हणजे इब्राहिम आदिलशहाची कबर. ऊन उतरताना रोज्यासमोर बसून चित्रं काढा, घाई नको. दगडात अक्षरं कोरून केलेल्या जाळ्या आहेत. माझं विचाराल तर गोलघुमटापेक्षा मला तोच जास्त आवडतो. बदामीला पुन्हा कधीतरी वेगळे जा.

फक्त तारीख बदला. संक्रांतीला तिथेही सिद्धेश्वराची जत्रा असते. लॉजमध्ये जागा मिळायची नाही.

ओंकार: आणि इथे गड्ड्याची जत्रा. पुढच्या आठवड्यात जाऊया, बरंच की.

श्रुती: चालेल. मुलींना एसटीत निम्मं तिकीट आहे ना?

सेक्रेटरी: निम्मं महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच. टाकळीचा पूल ओलांडला की पूर्ण.

श्रुती: मग कर्नाटकच्या बसने? तिथे बायकांना फुकट आहे म्हणतात.

सेक्रेटरी: ते कर्नाटकात राहणाऱ्या बायकांना. तुझ्या आधारकार्डावर सोलापूर आहे. आणि त्या बसवर पाटी कन्नडमध्ये 'विजयपुरा' अशी असते. २०१४ पासून ते नाव आहे. विजापूर शोधत बसाल.

श्रुतीची आई: तिकिटाचं होईल हो. लॉजवर चार मुली, हे मला पटत नाही.

स्वामी काका: वहिनी, मुली माझ्या धाकट्या बहिणीकडे झोपतील. आत्ताच फोन केला. मुलं स्टँडजवळच्या लॉजवर. बहिणीला मराठी समजतं, पण बोलते कन्नडच. 'ऊटा माडि' म्हणाली की मुकाट्याने ताटावर बसायचं. एण्णगायी, म्हणजे भरलं वांगं, आणि कडक भाकरी असणार.

ओंकार: काका, मुलांना पण ऊटा माडि चालेल 🙏

स्वामी काका: जेवायला सगळे या. झोपायला नाही.

श्रुतीची आई: मग हरकत नाही. पण पहाटे अंधारात चालत निघायचं नाही, टांगा नाहीतर रिक्षा करा. आणि मी शेंगाचटणी देते बरोबर.

स्वामी काका: विजापूरला शेंगाचटणी नेणार? न्या. तिचीही डबाभर आणा आणि कुठली बरी ते इथे लिहा. मी मत देणार नाही, मला दोन्ही घरी जेवायला जायचंय.

सेक्रेटरी: पाणी आलं. बी विंगची मोटार कोण लावतंय?