रिव्ह्यूच्या मेलचा पूर आणि पॅचच्या आवृत्त्या, दोन्ही कसं आवरायचं?

प्रश्न (मालवण)

सध्या तीन ठिकाणी माझे पॅच (कोडमधले सुचवलेले बदल) रिव्ह्यूत, म्हणजे दुसऱ्यांच्या तपासणीत अडकलेत: एक गिटहबवर, एक गेरिटवर (कोड तपासायची वेब प्रणाली) आणि एक लिनक्स कर्नलच्या मेलिंग लिस्टवर. बॉटने तपासणी केली, कोणी लेबल बदललं, कोणी नुसतं ‘धन्यवाद’ लिहिलं, सगळ्याची मेल येते. माझ्यामुळे थांबलेलं काम नेमकं कुठलं, ते त्यात सापडत नाही. शिवाय एका ठिकाणी तिसरी आवृत्ती पाठवल्यावर रिव्ह्यूअरने विचारलं, ‘दुसरीपेक्षा यात बदललंय काय?’ ते दाखवायची नीट पद्धत मला माहीत नाही. जूनपासून इथे वीज आणि नेट दोन्ही बेभरवशाचं, त्यामुळे नेट नसताना चालेल असंही काही हवं. तुम्ही मंडळी हे कसं बसवता?

उत्तर १ (रत्नागिरी)

ताई, मेल सगळ्या सारख्या नसतात. ‘तुमची पाळी’ आणि ‘माहितीसाठी’ असे दोनच कप्पे करा, तिसरा नको.

गिटहबवर आधी वॉचिंग बघा. रिपॉझिटरी ‘ऑल ॲक्टिव्हिटी’वर असेल तर ‘पार्टिसिपेटिंग अँड मेन्शन्स’वर आणा. निम्मा त्रास तिथेच संपतो. मग मेलचं फिल्टर लावा. प्रत्येक मेलच्या सीसीमध्ये एक बनावट पत्ता असतो. रिव्ह्यू मागितला असेल तर तो ‘रिव्ह्यू_रिक्वेस्टेड’ने सुरू होतो, नाव घेतलं असेल तर ‘मेन्शन’ने, तुमचाच पुल रिक्वेस्ट (बदल सामावून घ्यायची विनंती) असेल तर ‘ऑथर’ने. पुढे ‘ॲट नोरिप्लाय डॉट गिटहब डॉट कॉम’. हे तीन पत्ते सीसीमध्ये असले की लेबल ‘माझी पाळी’, बाकीच्या मेल इनबॉक्स टाळून थेट दुसऱ्या लेबलात.

इथे एक गफलत होते. तुमच्या पुल रिक्वेस्टवर बॉट काही बोलला तरी कारण ‘ऑथर’च राहतं, म्हणून तो वरच्या फिल्टरमधून आत शिरतो. ॲपवाल्या बॉटच्या नावाशेवटी चौकटी कंसात ‘बॉट’ असतं. प्रेषकाच्या नावावर वेगळा नियम करून त्यांना बाहेर काढा. ॲक्शन्सच्या (गिटहबवर आपोआप चालणाऱ्या कामांच्या) सूचनांमध्ये ‘फक्त फेल झालेल्या वर्कफ्लोची’ असा पर्याय आहे, तो चालू करा.

तुम्ही स्वतः दुसऱ्याचा रिव्ह्यू करता तेव्हाही जपा. ‘ॲड सिंगल कमेंट’ दाबून १२ शेरे टाकले की समोरच्याला १२ मेल. ‘स्टार्ट अ रिव्ह्यू’ने तेच एका मेलमध्ये जातं. काम अर्धवट असेल तर पुल रिक्वेस्ट ड्राफ्टमध्ये उघडा. ड्राफ्ट असेपर्यंत कोड ओनर्सना (त्या फायलींची जबाबदारी असलेल्यांना) आपोआप रिव्ह्यूची विनंती जात नाही.

उत्तर २ (चिपळूण)

गेरिटचं मी लिहितो, कारण तिथे चुका वेगळ्या होतात.

गेरिट बदल ओळखतो तो कमिटच्या (नोंदवलेल्या बदलाच्या) संदेशाच्या शेवटच्या परिच्छेदातल्या चेंज-आयडीवरून. तो आयडी तोच राहिला तर नवा पॅच सेट (बदलाची पुढची आवृत्ती) जुन्याच बदलाखाली येतो. आयडी बदलला की गेरिटच्या लेखी तो वेगळाच बदल, आणि जुन्या शेऱ्यांना वाली उरत नाही. बहुतेकदा हे होतं मागचा कमिट सुधारताना वापरलेल्या ‘गिट कमिट --अमेंड -एम’मुळे. ‘-एम’ने अख्खा संदेश बदलतो, आयडी उडतो आणि हुक (कमिट करताना आपोआप चालणारी स्क्रिप्ट) लगेच नवा आयडी घालून मोकळा होतो, त्यामुळे चूक लक्षातही येत नाही. अमेंड करताना ‘-एम’ नको, एडिटर उघडू दे. झालंच असेल तर वेब पानावरून जुना आयडी उचलून शेवटच्या परिच्छेदात परत घाला.

रिबेस (आपले बदल मुख्य शाखेच्या ताज्या टोकावर चढवणं) आणि दुरुस्ती एकाच पॅच सेटमध्ये कालवू नका. आधी नुसता रिबेस करून एक पॅच सेट चढवा, मग दुरुस्तीचा दुसरा. रिव्ह्यूअर दोन आणि तीनमधला फरक उघडतो, तेव्हा त्याला फक्त तुमच्या ओळी दिसल्या पाहिजेत.

सूचनांसाठी गेरिटमध्ये अटेन्शन सेट आहे: नावाशेजारी बाण दिसला की पाळी त्या माणसाची. सेटिंग्जमध्ये मेल ‘फक्त मी अटेन्शन सेटमध्ये असताना’ यावर ठेवता येते. पण नवा पॅच सेट नुसता ढकलून थांबू नका. प्रत्येक शेऱ्याला ‘डन’ किंवा उत्तर द्या आणि शेवटी ‘रिप्लाय’मधून पाठवा. तोपर्यंत ती उत्तरं मसुदा म्हणून तुमच्याकडेच पडून राहतात. आपण उत्तर दिलं असं वाटून आठवडाभर वाट बघणारे पुष्कळ भेटतात.

उत्तर ३ (देवगड)

‘काय बदललं’ याचं उत्तर रेंज-डिफ, म्हणजे पॅचमालिकेच्या दोन आवृत्त्यांची तुलना करणारी गिटची आज्ञा. गिट २.१९ पासून आहे. आवृत्ती पाठवली की लगेच टॅग करा, म्हणजे त्या स्थितीला नाव द्या: काम-व्ही१, काम-व्ही२. पुढची आवृत्ती अशी बनवा:

गिट फॉरमॅट-पॅच -व्ही३ --कव्हर-लेटर --रेंज-डिफ=काम-व्ही२ मेन

विषयात ‘पॅच व्ही३’ आपोआप येतं आणि कव्हर लेटरमध्ये (मालिकेच्या प्रस्तावनेच्या मेलमध्ये) जुन्या-नव्या मालिकेची तुलना. तिच्यात प्रत्येक पॅचपुढे एक खूण असते. बरोबरचं चिन्ह म्हणजे पॅच तसाच आहे, उद्गारचिन्ह म्हणजे बदलला, डावीकडचा कोन म्हणजे जुना गळला, उजवीकडचा म्हणजे नवा आला. पॅच फार बदलला तर गिटला जोडी जुळत नाही, आणि एकच पॅच ‘गळला’ आणि ‘आला’ असा दोनदा दिसतो. अशा वेळी ‘--क्रिएशन-फॅक्टर’ वाढवा. ‘गिट रेंज-डिफ’मध्ये मूळ किंमत ६० असते, ८० ते ९० करून बघा; नव्या गिटच्या फॉरमॅट-पॅचमध्ये ती मुळातच ९९९ असते.

रेंज-डिफ जोडलं म्हणून शब्दांत लिहायचं टाळू नका. पॅचमध्ये तीन आडव्या रेषांच्या ओळीखाली ‘व्ही३: लॉक सोडायचं राहिलं होतं ते घातलं, चल-नाव बदललं’ असं लिहा. त्या रेषांखालचं ‘गिट एएम’ (मेलमधला पॅच चढवणारी आज्ञा) कमिटमध्ये घेत नाही, म्हणून इतिहास स्वच्छ राहतो. मिळालेले रिव्ह्यूड-बाय ट्रेलर (कमिट संदेशाच्या शेवटी तपासणाऱ्याचं नाव सांगणाऱ्या ओळी) पुढच्या आवृत्तीत न्यायचे. कर्नलच्या पॅचसाठीच्या बी४ साधनातली ‘बी४ ट्रेलर्स -यू’ आज्ञा ते गोळा करून देते. मात्र पॅचमध्ये मोठा बदल केलात तर तो ट्रेलर काढा आणि काढल्याचं सांगा. दुसऱ्याची सही न वाचलेल्या कोडवर ठेवायची नसते.

कर्नलमध्ये आठवणीची मेल किमान एका आठवड्यानंतर. मर्ज विंडोच्या (नवे बदल मुख्य कर्नलमध्ये घ्यायच्या) दोन आठवड्यांत आणखी उशीर धरून चाला. नेटदेवला (कर्नलच्या नेटवर्किंगच्या लिस्टला) २४ तासांच्या आत नवी आवृत्ती पाठवू नका. बहुपॅच मालिकेची नवी आवृत्ती जुन्या धाग्याला उत्तर म्हणून न जोडता नवा धागा करा.

आता पावसाचं. पाच पॅच पाठवताना तिसऱ्याला नेट गेलं तर अर्धी मालिका लिस्टवर जाते. म्हणून फॉरमॅट-पॅचला ‘--थ्रेड=शॅलो’ द्या. त्याने मेसेज-आयडी फायलींतच लिहिले जातात. मग ‘सेंड-ईमेल --नो-थ्रेड’ने पाठवा. नेट आल्यावर राहिलेल्या फायलीच त्याच आज्ञेने पाठवल्या की त्या बरोबर त्याच धाग्यात बसतात. आणि डेटा वाचवायला ‘--फिल्टर=ब्लॉब:नन’ने क्लोन केला असेल तर जुना मजकूर लागेल तेव्हा गिट सर्व्हरकडे धाव घेतो. नेट नसताना ‘ब्लेम’ (कोणती ओळ कोणी लिहिली ते दाखवणारी आज्ञा) तिथेच अडतो. कामाच्या मशीनवर पूर्ण क्लोन ठेवा.

उत्तर ४ (गुहागर)

गिटहबवर रिव्ह्यू चालू असताना कमिट दाबून एक करू नका. ‘गिट कमिट --फिक्सअप’ने छोटे कमिट वर चढवत जा, मान्यता मिळाल्यावर ‘रिबेस -आय --ऑटोस्क्वॅश’ने ते एकत्र करा. मध्येच फोर्स पुश केला (सर्व्हरवरच्या इतिहासाच्या जागी नवा ढकलला) की ओळींवरचे शेरे ‘आउटडेटेड’ होऊन मिटू शकतात.

फोर्स करावाच लागला तर ‘--फोर्स-विथ-लीज’, म्हणजे दुसऱ्याचे नवे कमिट चुकून पुसले जात नाहीत. एडिटर पार्श्वभूमीत आपोआप फेच करत असेल तर हे संरक्षण पोकळ ठरतं, म्हणून सोबत ‘--फोर्स-इफ-इन्क्लूड्स’ द्या, गिट २.३० पासून आहे. आणि दुरुस्तीनंतर ‘री-रिक्वेस्ट रिव्ह्यू’ दाबा. तेव्हाच रिव्ह्यूअरच्या ‘माझी पाळी’ कप्प्यात मेल पडते.

प्रश्न (मालवण)

खूपच उपयोगी. देवगडच्या दादांना एकच विचारते: व्ही२ला मी टॅग केलाच नव्हता. आता रेंज-डिफ कशाशी करू?

उत्तर ३ (देवगड)

शाखेचा रिफ्लॉग (तिचं टोक आधी कुठे कुठे होतं याची नोंद) बघा, ‘गिट रिफ्लॉग’पुढे शाखेचं नाव. पण रिबेसमुळे सुटलेल्या नोंदी मूळ सेटिंगमध्ये ३० दिवसच टिकतात, तेव्हा आजच बघा. तिथे नसेल तर कर्नलचा पॅच ‘बी४ एएम’ने लोरवरून (कर्नलच्या मेलिंग लिस्टच्या संग्रहावरून) खाली घेऊन वेगळ्या शाखेवर चढवा आणि त्याच्याशी तुलना करा. गेरिटवर जुना प्रत्येक पॅच सेट सर्व्हरवर असतोच, रेफ्स-चेंजेसखाली बदलाच्या क्रमांकाचे शेवटचे दोन अंक, मग पूर्ण क्रमांक आणि त्यापुढे पॅच सेटचा क्रमांक देऊन फेच करा. मिळाला की आधी टॅग.