महास्फोटाआधी काय होतं, हा प्रश्न भौतिकीचा आहे का?

महास्फोटाचा सिद्धांत मला मान्य आहे. सुमारे १३.८ अब्ज वर्षांपूर्वी विश्व अतितप्त आणि अतिघन होतं, याचे पुरावे भक्कम आहेत. माझा आक्षेप त्याला जोडून येणाऱ्या वाक्याला आहे: 'विश्व शून्यातून आपोआप निर्माण झालं.' हे शून्य म्हणजे बहुतेक वेळा क्वांटम निर्वात, म्हणजे कण नसलेली पण क्वांटम नियमांनी चालणारी अवस्था असते. त्यात ऊर्जा आहे, त्याला नियम लागू आहेत. मग ते शून्य कसलं? असतापासून सत्, म्हणजे जे नाहीच त्यातून जे आहे ते, कसं जन्मेल, हे छांदोग्य उपनिषदात उद्दालक श्वेतकेतूला विचारतो. समीकरणं मांडून तो प्रश्न सुटलेला नाही. विज्ञानाच्या नावावर तत्त्वज्ञान खपवलं जातंय आणि आस्तिकाने बोट ठेवलं की त्यालाच अडाणी ठरवतात.

प्रतिसाद १
साफ असहमत. 'शून्यातून' हा दावा सिद्धांताचा नाहीच. विश्व प्रसरण पावतंय, पूर्वी ते तप्त होतं, एवढंच तो सांगतो. त्यावरून त्या उष्णतेचा अवशेष म्हणून आकाशभर मंद प्रारण (रेडिएशन) सापडायला हवं होतं. १९६५ मध्ये पेन्झियस आणि विल्सन या रेडिओ-खगोलशास्त्रज्ञांचा शोध प्रसिद्ध झाला आणि ते सापडलं. आज त्याचं तापमान २.७ केल्विन आहे. हेलियमचं प्रमाणही, वस्तुमानाच्या साधारण पाव हिस्सा, गणिताशी जुळतं. कोणत्या धार्मिक टीकेने असं आधी सांगून दाखवलंय? ग्रहांच्या कक्षा विस्कटू नयेत म्हणून देवाने अधूनमधून हात घालायला हवा, असं न्यूटनला वाटे. पुढे फ्रेंच गणिती लाप्लासने गुरू-शनीच्या गतीतली मोठी तफावत गुरुत्वाकर्षणानेच उलगडली. जिथे उत्तर नाही तिथे देव बसवायचा आणि उत्तर मिळालं की त्याला मागे सरकवायचं, यात देवाचाही मान राहत नाही.

प्रतिसाद २
दोघांनीही लमेत्र आठवावा. १९२७ मध्ये प्रसरणशील विश्व मांडणारा हा माणूस कॅथलिक धर्मगुरू होता. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी या सिद्धांतात सृष्टिनिर्मितीची साक्ष पाहिली, तेव्हा ते लमेत्रला रुचलं नाही. आपला सिद्धांत धर्माच्या प्रश्नाबाहेर आहे, आस्तिक-नास्तिक दोघांनाही तो मोकळा आहे, हीच त्याची भूमिका होती. उलट नास्तिक खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइलला विश्वाला आरंभ असणंच खटकत होतं. १९४८ च्या त्याच्या स्थिर-स्थिती, म्हणजे आरंभ नसलेल्या आणि कायम सारख्याच दिसणाऱ्या, विश्वात द्रव्य सतत नव्याने जन्मत होतं. तत्त्वज्ञानाचा कल दोन्ही बाजूंना असतो. निवाडा मात्र मोजमापाने झाला, आणि तो हॉइलच्या विरुद्ध गेला.

धागाकर्ता
लमेत्रचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. प्रारण मोजता येतं, म्हणून हॉइल हरला. पण मुळात नियम का आहेत, काहीच नसण्याऐवजी काहीतरी का आहे, हे कोणत्या दुर्बिणीने मोजणार? न्यूटनचा देव यंत्रातली दुरुस्ती करणारा होता, तो मीही मानत नाही. मी यंत्र आहेच का, एवढं विचारतोय. ज्याचं असणं दुसऱ्या कशावर अवलंबून नाही असं काही मानल्याशिवाय कारणांची ही साखळी कुठेच टेकत नाही.

प्रतिसाद १
'शून्यातून' म्हणणाऱ्यांना शब्द जपून वापरायला सांगा, मी तुमच्यासोबत आहे. पण साखळी टेकलीच पाहिजे हे कुणी ठरवलं? आणि टेकवायचीच असेल, तर स्वतःवर उभं असलेलं ते काहीतरी विश्वच का नसावं? ते काहीतरी चेतन आहे, त्याला इच्छा आहे, हे तुमच्या युक्तिवादात कुठल्याच पायरीवर सिद्ध होत नाही. ती पायरी दाखवा, मग पुढे बोलू.